बसमध्ये न बसलेलं गाव

डोंगरावरच्या त्या गावात शिवणकाम करणारी एकच बाई. तिचं टोपणनाव कात्री. हातातल्या कात्रीवरून नव्हे, जिभेवरून पडलेलं. घाटरस्ता झाला तेव्हा खडीची घमेली तिनेही वाहिली होती. रस्त्यापाठोपाठ दिवसाला एक बस सुरू झाली, सकाळी उतरणारी आणि संध्याकाळी चढणारी. त्या बसच्या भरवशावर सून खालच्या शहरात नर्सची नोकरी करून संध्याकाळी घरी येई. नातीची वेणी रोज कात्रीच घाली.

मग बसच्या कचेरीतून निरोप आला. साहेब येऊन प्रवासी मोजणार. दहा भरले तर बस राहील, नाहीतर बंद.

गावातले एक वडीलधारे, ज्यांना सगळे थोरले म्हणत आणि ज्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे, म्हणाले की साहेबांचं स्वागत झोकात व्हायला हवं. झालं! त्या सकाळी अख्खं गाव इस्त्रीचे कपडे घालून थांब्यावर हजर. टेबल, चादर, चहाची किटली. कात्री ओरडली, की चहा राहू द्या, आधी बुडं सीटला टेकवा, मोजणार ते आतल्यांना. थोरल्यांनी तिला चारचौघांत झापलं.

"पाहुणा दारात आणि आपण पाठ फिरवून गावाला जायचं? काही रीत आहे की नाही?"

रीत! चाळीस माणसं खाली अदबीने उभी. आत कात्री, सून आणि एक आजारी म्हातारा. साहेबाने चहा प्यायला, गावाची तारीफ केली आणि वहीत तीन लिहिले.

महिन्याभरात बस बंद. रस्ता आला की गाव वाढतं म्हणे. कचेरीत बसून बोलायला काय जातं? वर चढणारी गाडी नसेल, तर तोच रस्ता गाव खाली उतरवून नेतो. सुनेने टेम्पो आणला. कात्रीचा मुलगा मान खाली घालून भांडी भरत होता. आई, तुम्हीही चला, असं सून तीनदा म्हणाली. कात्री मशीनवरून उठली नाही. नातीची वेणी त्या दिवशी सुनेने घातली.

मागोमाग शाळा मिटली, वाणी गेला. दोन वर्षांत नऊ माणसं उरली. मग थोरलेच दारात आले, शिवायला टाकलेला कोट न्यायला. लेकीकडे कायमचे निघाले होते, तिने धाडलेली गाडी थांब्यावर उभी होती.

"अगं, एक बाही राहिलीय की."

"तिकडे लावून घ्या. शिंपी आता खालीच मिळतात."

थोरले घुटमळले. "निरोप द्यायला थांब्यापर्यंत तरी येशील ना?"

कात्रीने पाठ फिरवली आणि मशीन चालू केलं.