जरा खाली घ्या

वधू-वर मंडळाच्या यादीतली पानं मी काढून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर दहा मुलं आणि खाली 'पुढील पान'चं बटण, हे मला मागासलेलं वाटलं. बोट फिरवत राहा, यादी सरकत राहील, असं करून दिलं आणि मंडळाच्या शहागंजातल्या कार्यालयात स्वतःच पेढे वाटले.

खूश झाले फक्त एक काका. एसटीतून निवृत्त, लेकीसाठी स्थळ शोधणारे. रविवारी तिथला संगणक मीच चालवायचो. पैठणच्या गाडीनं येऊन काका शेजारी खुर्ची ओढायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "हं, इंजिनेर, जरा खाली घ्या."

पानं होती तेव्हा दहा मुलं दाखवून झाली, की मंडळाच्या बाई पडद्यासमोर उभ्या राहायच्या. "आधी या दहांचं बोला, मग पुढं." लोक कुरकुरायचे, पण बोलायचे. माझ्या यादीत बाईंना उभं राहायला जागाच उरली नाही.

एकदा लेक सोबत आली होती. दौलताबादचा एक शिक्षक बघून हळूच म्हणाली, "बाबा, हा बरा हाय."

"व्हय, बराच हाय की. पण खाली याच्याहून बरा असंल. ध्यानात ठेव. इंजिनेर, जरा खाली घ्या."

मी ऐटीत सर्रकन खाली नेलं. तासाभरानं काका म्हणाले, "मघाचा तो मास्तर दाखवा." वर गेलो, तर यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू. पानच नाही, तर कितव्या पानावर होता ते कसं सांगणार? नाव कुणालाच आठवेना. नाव-गाव टाकून शोधायची सोय मी 'नंतर करू' म्हणून ठेवली होती.

"जाऊ द्या," काका म्हणाले, "खाली लई हायेत." लेक खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढं कधीतरी तो मास्तर सापडला. फोटोखाली लिहिलं होतं, 'लग्न ठरले'. काकांनी चष्मा काढून पुसला. मग, माझ्याकडं न बघता, "जरा खाली घ्या."

काका गेल्याचं कळलं, तेव्हा पैठणला भेटायला गेलो. दारात लेकच होती. मी म्हणालो, "यादीत पानं परत टाकलीत आता."

"बाबांना माझी काळजी होती, म्हणून थांबता येईना," ती म्हणाली. "तुम्हाला तर नुसती मशीन मिरवायची होती."