सरावलीच्या बंगल्यातली गळती

आनंदीबाईंच्या बंगल्याचं जेवणघर गळतं आणि ते कौलं बसवणाऱ्या चैत्यामुळे गळतं, हे सरावलीत शेंबडं पोरही सांगेल. बंगल्याच्या दुरुस्तीसाठी मला बोलावलं, तेव्हा चहाच्या आधी हेच ऐकवण्यात आलं.

मुंबईच्या कुणा शेठने शंभर वर्षांपूर्वी हवापालटासाठी चिकूच्या वाडीत हा बंगला बांधला. पुढे आनंदीबाईंच्या सासऱ्यांनी तो विकत घेतला. जुनी घरं मोजणं हा माझा धंदा आणि नसत्या चौकशा करणं हा स्वभाव, म्हणून मी आधी चैत्याकाकांना गाठलं.

वेवजीच्या पाड्यावरचे चैत्याकाका साठीचे, सडसडीत. दर वैशाखात वाड्यांमधल्या घरांची कौलं उतरवायची, फुटकी काढायची, पुन्हा बसवायची, हे काम आधी त्यांचे वडील लहान्या करायचे. त्यांच्या हयातीत बंगल्यात थेंब पडला नाही. ते वारले, वीटभट्टीवर राबणारा पोरगा कौलांवर चढला, आणि त्याच पावसाळ्यात जेवणघरात परात ठेवावी लागली. "लहान्याची सर नाही याला," असं आनंदीबाई म्हणाल्या आणि तीस वर्षं म्हणत राहिल्या. ऐकून ऐकून बाकीच्या वाडीवाल्यांनीही काकांना बोलावणं सोडलं. एका बंगल्यापायी माणसाचा धंदा बसला. मला याचा रागच आला.

"मग काका, गळतं तरी कुठून?"

"माळ्यावर अख्खा दिवस बसून बघितलंय मी. पाणी वरून नाय येत. पन्हळीत खालून वर चढतं."

"कुणाला सांगितलंत?"

"बाईला. बाई बोलली, चैत्या, सकाळी सकाळी घेतलीस काय?"

मी हसले, पण मग विचार केला. पाणी खालून वर चढत असेल, तर त्याची वाट कुठेतरी तुंबलेली असणार.

दोन दिवस टेप घेऊन मी भिंतींच्या मागे लागले. सगळ्या भिंती दीड फुटाच्या, जेवणघराची एकच अडीच फुटाची. कशाला? वर छपराच्या दोन उतारांमधली पन्हळ नेमकी तिच्यावर येऊन टेकत होती. खाली जेवणाच्या टेबलाशेजारची फरशी ठोकली तर पोकळ आवाज आला. काकांना बोलावलं, त्यांनी शिडी लावून पन्हळीच्या टोकाचा गिलावा छिन्नीने उडवला. आत भिंतीच्या पोटातून सरळ खाली जाणारा भाजक्या मातीचा नळ निघाला. त्याच्या तोंडात कौलांचे तुकडे चुन्यात घट्ट बसवलेले होते. फरशी उचलली, तर खाली टाकं! इथल्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, म्हणून शेठने छपराचं गोडं पाणी घराखाली साठवलं होतं.

काकांनी त्या तुकड्यांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कौल असं तिरकं बापूसच तोडायचा. त्याचाच हात हाय ह्यो."

झालं, मला वाटलं, आता सगळं मेलेल्या माणसावर जाणार.

ऐंशीच्या आनंदीबाई काठी धरून दारात उभ्या होत्या. "मीच सांगितलं होतं त्याला," त्या म्हणाल्या. "पावसाळा संपला होता, नातू रांगायला लागला होता, मी टाक्याची धास्ती घेतली. लहान्या म्हणालाही, बाई, पाणी दुसरी वाट काढेल. मी म्हटलं, टाक्यावर फरशी घाल आणि नळही बुजव मुकाट्याने. त्याच थंडीत तो गेला. नळ बुजवणं आणि गळती, या दोन गोष्टी मी कधी जोडल्याच नाहीत. चुकलं माझं, चैत्या."

काका शिडीवरून उतरले. सावकाश हात धुतले.

"मना नको सांगू, बाई. माझं काम खोटं नाय, ते मना ठाऊकच होतं. पाड्यावर चल, तिथं सांग."

दुसऱ्या दिवशी बाईंनी गाडी काढायला लावली आणि मलाही सोबत घेतलं. काकांच्या अंगणात माणसं जमली. खाट पुढे केली तरी बाई बसल्या नाहीत. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, स्वतःच्या हुकमासकट. "चैत्याच्या कामात खोट नव्हती," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हती."

काकांची बायको भिकी दारात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"इतकी वरसं मी बी तुलाच खोटा म्हनत व्हते," असं म्हणून ती तोंड झाकून रडू लागली.

काका तिच्या शेजारी जाऊन बसले.