घरी आम्ही मराठीच बोलतो

मी पदवीधर झालो तो आक्कामुळे. आक्का माझी थोरली बहीण. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि माझी सुरू राहिली. विड्या वळता वळता ती माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायची. मी अडलो की हातातली विडी सुपात ठेवून थांबायची. उत्तर मात्र कधी सांगायची नाही.

पुढे मी नेदरलँड्समध्ये संशोधनाला आलो. स्पेनमधल्या बास्क गावांत लोक रस्त्यावर बास्क भाषा किती बोलतात, ते मोजण्याचं काम होतं. पद्धत साधी. गावातून चालायचं, कुणाला काही विचारायचं नाही. कानावर पडेल ती भाषा, अंदाजे वय, सोबत मूल आहे का, एवढंच कागदावर टिपायचं. विचारलं की माणसं भलतंच सांगतात, म्हणून.

करोनात प्रवास बंद झाला. मग माझी बास्क सहकारी आणि मी आम्ही राहायचो त्या हार्लेम शहरातच सराव करू लागलो. एकच रस्ता दोघांनी वेगवेगळा चालायचा आणि शेवटी कागद ताडून पाहायचे. दीड मीटरवरून ऐकताना कान ताणावे लागत.

एका शनिवारी सराव चालू असतानाच बायको सात वर्षांच्या लेकीला माझ्याकडे सोडून दुकानात गेली. लेकीची सायकल ढकलत मी कालव्याकडेनं परत आलो. कागद ताडले, तर सहकारीकडे एक नोंद जास्त निघाली. पुरुष, चाळिशीचा. सोबत मुलगी. भाषा डच.

"हे कोण?"

"तू," ती हसत म्हणाली. "तुला काय सोडते मी!"

"मी मराठीत बोलत होतो."

"पहिलं वाक्य. तिनं डचमध्ये उत्तर दिलं, मग तूही डचवर आलास."

"घरी आम्ही मराठीच बोलतो."

"माझ्या गावात सगळे हेच सांगतात. माझी आईसुद्धा."

तेव्हा मीही हसलो. घरी पोहोचेपर्यंत ते हसू टिकलं नाही.

दर रविवारी मी आक्काला फोन करायचो. टाळेबंदीत ती एकटीच होती. "पोरीला दे की रे," म्हणायची. लेक "हॅलो आत्या" म्हणून पळायची आणि मी सांगायचो, "लाजते गं. एरवी छान बोलते." अलीकडे आक्का पोरीला दे म्हणेनाशी झाली होती. का, ते मी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी फोन करायचा धीर झाला नाही. सोमवारी हे पत्र पोस्टात टाकलं:

आक्का,

पोर लाजत नाही. तुझं बोलणं तिला अर्धंमुर्धं कळतं, पण तोंडातून शब्द येत नाही. तिला तू परकी वाटतेस, असं तुझ्या मनात आलं असेल तर ते काढून टाक. खोटं मी बोललो. इथे जगाची भाषा मोजत फिरलो, घरातली मोजली नाही.

काल भाजी निवडताना तिला बेचा पाढा म्हणायला बसवलं. बे चोक आठला उठून गेली. मी हाक मारली नाही. मला रडू येत होतं.

हे पत्र मिळालं की कळव. त्या रविवारी फोन तिच्या हातात देईन. ती अडेल. माझ्या वेळी विडी खाली ठेवून थांबायचीस, तशी थांब.