खोबरं जळायच्या आधी

गेल्याच्या गेल्या नाताळात शेजारच्या वहिनींनी फराळाचं ताट पाठवलं. मी एक करंजी तोंडात टाकली आणि नवऱ्याला म्हटलं, "यंदा वैनींनी वेलची टाकलीच न्हाई. हात आखडलेला दिसतोय."

त्यांनी करंजी खाल्ली, मग दुसरी उचलली. "हाय की. चांगली भरपूर हाय."

"तुम्हाला काय कळतंय," मी म्हटलं. हे आमचं ठरलेलंच. आमटीत मीठ नसलं तरी ह्या माणसाला कळत नाही, असं मी लग्न झाल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले आहे. पण ते इतक्या खात्रीने बोलले की मी उठून स्वयंपाकघरात गेले. वेलचीच्या बरणीचं झाकण काढून नाक आत घातलं. काही नाही. हिंगाची डबी उघडली. ज्या डबीचा वास चार घरं सोडून जातो, ती माझ्या नाकाखाली नुसतीच उघडी होती. लसणाच्या पाकळ्या ठेचल्या, बोटांना चोळल्या, हुंगल्या. बोटं चिकट झाली, एवढंच.

आठवडाभर आधी ताप येऊन गेला होता. सर्दी निघाली की येईल परत, असं मी स्वतःला सांगितलं आणि वहिनींचं ताट धुऊन, त्यात गूळ घालून परत पाठवलं. सर्दी निघाली. बाकी काही आलं नाही.

आता एखाद्याला वाटेल, वासच तो, गेला तर गेला. माणसांचे हातपाय जातात. मला दौंडच्या डॉक्टरांनी अगदी तेच सांगितलं. म्हणाले, नस दुखावली असेल, येईलही, नाहीही येणार. "आणि या वयात..." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली. या वयात म्हणजे कोणत्या वयात? मी पन्नाशी ओलांडली आहे, शंभरी नाही. इतका राग आला की फाइल तिथेच विसरून आले.

पण माझं नाक म्हणजे माझं काय होतं, हे त्यांना कुठून कळणार? माझं माहेर केंदूरचं. तिथे आई काळा मसाला भाजायची आणि मी तिच्या पदराशी उभी असायची. धने, तीळ, दगडफूल, लवंग, सगळं वेगवेगळं, थोड्या तेलावर भाजायचं. बाकी जिन्नस डोळ्यांनी कळतात. तीळ तडतडतात, धन्यांचा रंग फिरतो. खोबरं मात्र काळं होईपर्यंत भाजायचं असतं, नाहीतर तो काळा मसाला कसला? आणि काळं झालेलं खोबरं आणि जळालेलं खोबरं दिसायला सारखंच. फरक फक्त वासात. गोडसर वास येत असतो, तो एका क्षणी जरा करडा होतो, की कढई उतरवायची. आई म्हणायची, खोबरं तुला हाक मारतंय, तेवढी ऐक. मला ती हाक दारात उभी राहूनही यायची.

लग्न होऊन केडगावात आले तेव्हा आमच्या आळीत उन्हाळ्यात सगळ्या घरांचा मसाला एकाच अंगणात भाजायची पद्धत होती. अजून आहे. ज्याच्या त्याच्या घरची मिरची, ज्याचं त्याचं खोबरं, चूल मात्र एक आणि कढईपाशी उभी राहणारी बाई एक. तिने बोलायचं नाही, तिच्याशी कुणी बोलायचं नाही. तिने झारा वर केला की काढायचं. मसाला कुटून आला की प्रत्येक घरातून तिच्याकडे वाटीभर जातो. मी आले त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या मावशींनी झारा माझ्या हातात दिला आणि स्वतः बाजल्यावर जाऊन बसल्या. नव्या सुनेला एवढा मान कुणी देतं का? तेव्हापासून झारा माझाच होता. वर्षभर माझ्या फळीवर आळीतल्या सगळ्या घरांचे मसाले असायचे. मी ते कधी मिसळले नाहीत.

नोकरी मी नंतर धरली. चौफुल्यावरून कंपनीची बस पकडायची, न्हावऱ्यावरून शिरूरकडे, एमआयडीसीत. रबराचे वायसर दिव्याखाली धरून चीर आहे का बघायचं आणि खोक्यात टाकायचं. कॉन्ट्रॅक्टवर. दर काही महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा गेटपास. त्या लाइनवर मी कोण होते? कॉन्ट्रॅक्टवाल्यांची पिवळी टोपी. पण जेवणाच्या सुट्टीत माझा डबा उघडला की बिहारच्या पोरींपासून शिरूरच्या बायकांपर्यंत सगळ्या चमचे घेऊन यायच्या. "मौसी, इसमें क्या डालते हो?" "मावशी, आम्हाला करून द्या की मसाला." मी मनाशी धरून ठेवलं होतं. नोकरी सुटेल त्या दिवशी रडायचं नाही, दारात चूल मांडून मसाला विकायचा. माणसाने स्वतःचं म्हणून एक तरी काम करावं, आणि मला येणारं काम हेच होतं. दुसरं येत नाही. खोटा नम्रपणा कशाला करू?

नोकरी सुटली ती नेमकी त्याच हिवाळ्याच्या शेवटी. पोरगेलासा सुपरवायझर म्हणाला, "मावशी, वरून आलंय. वय जास्त असलेल्यांना रिन्यू नाही." त्याने मान खाली घातली होती, म्हणून त्याला काही बोलले नाही. बसमध्ये बायका गळ्यात पडल्या. सगळ्यांना सांगितलं, उन्हाळ्यात मसाला पोचवते.

नाकाचं घरी कुणाला काहीच बोलले नव्हते. काय बोलणार? नवऱ्याला कळलं ते गॅसमुळे. एक दिवस ते रेल्वेची ड्युटी करून आले, दारातच थबकले आणि धावत आत जाऊन बटण बंद केलं. मी तिथेच, शेगडीपासून हाताच्या अंतरावर, मेथी निवडत बसले होते. त्यांनी खिडक्या उघडल्या, पंखा मात्र लावला नाही, आणि माझ्याकडे बघत राहिले. मी मेथी निवडतच राहिले. त्यानंतर ते घरात शिरले की आधी स्वयंपाकघरात जाऊन खोल श्वास घेतात. माझ्या देखत घेत नाहीत. पण मला ऐकू येतं, कान शाबूत आहेत. आणि ताटावर बसले की म्हणतात, "चांगलं झालंय." ज्या माणसाने कधी भाजीला नावं ठेवली नाहीत की कौतुक केलं नाही, तो आता रोज चांगलं म्हणतो. एकदा मी मुद्दाम विचारलं, करपलंय का? "न्हाई न्हाई," म्हणाले, आणि भाकरीचा काळा तुकडा माझ्यासमोर चावून खाल्ला. त्यांनी ताट सरकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं, असं मी खरंच सांगते.

जिभेला खारट, आंबट, गोड, कडू एवढं कळतं. बाकी जेवण म्हणजे मऊ किंवा कडक.

उन्हाळा आला. आळीतल्या बायका सामान घेऊन वहिनींच्या अंगणात जमल्या आणि मला बोलवायला आल्या, दरवर्षी येतात तशा. मला सांगता आलं असतं. पण सांगून मी काय उरणार होते? नोकरी गेली होती. झारा गेला तर मी फक्त एक बाई, जिला कंपनीने वय झालं म्हणून घरी बसवलं. मी स्वतःला समजावलं, इतकी वर्षं भाजतेय, हाताला कळेल. डोळ्यांना कळेल. जीभ आहे.

माझ्या जास्तीच्या खोबऱ्यासकट सगळ्यांचं खोबरं चढलं. बाकी सगळं ठीक झालं होतं. मी कढईवर वाकले, आणि समोर नुसता धूर. बायका गप्प बसल्या होत्या, पद्धतीप्रमाणे. मी एक काप उचलून फुंकर घालून जिभेवर ठेवला. कडू नव्हता. म्हणजे अजून वेळ आहे. पुन्हा एक ठेवला. तोही नाही. मग एक ठेवला आणि त्यात कडूपणाची चाहूल लागली, तेव्हा मी झारा वर केला. पण लोखंडाची कढई कुणाच्या बापाचं ऐकते का? उतरवल्यावरही ती भाजतच राहते. जिभेला कळलं तेव्हा फार उशीर झालेला होता. जीभ झाल्यावर सांगते, नाक व्हायच्या आधी सांगतं, हे मला त्या दिवशी कळलं.

एकीने नाकाला पदर लावला. मी पाहिलं. कुणी काही बोललं नाही. माझा शब्द शेवटचा होता ना, इतकी वर्षं. शंका घ्यायची कुणाला सवयच नव्हती.

मसाला कुटून आला. प्रत्येक घरातून वाटी आली, ठरल्याप्रमाणे. मी चौफुल्यावर उभी राहून कंपनीच्या बसमधल्या बायकांना पुड्या दिल्या, शिरूरच्या बायकांच्याही त्यांच्याच हाती पाठवल्या. घरी येऊन आमटी टाकली, एक घोट घेतला. कडू. इतक्या महिन्यांत माझ्या जिभेपर्यंत धडपणे पोचलेली चव तेवढीच. नवरा भुरके मारत होता. मी म्हटलं, "थुका ती." म्हणाले, "का? चांगली झालीय."

थोड्या दिवसांनी शिरूरच्या एकीचा फोन आला. बिचारी चाचरत म्हणाली, "मावशी, आमटी जरा कडवट व्हती ओ. माझंच कायतरी चुकलं आसंल. किती घालायचा आसतो?" मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. तिला ते खरं वाटलं नाही. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, तेल जास्त तापू द्यायचं का, मसाला आधी घालायचा का नंतर. मी फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन बसले. बाकी कुणाचा फोनच आला नाही. आळीने तो मसाला वर्षभर खाल्ला. पावसाळ्यात, दिवाळीत, पाहुण्यारावळ्यांत. कुणी एका शब्दाने बोललं नाही. दोन घरांच्या खिडकीत मात्र बाजारच्या मसाल्याच्या पिशव्या दिसल्या.

यंदाच्या उन्हाळ्यात मी वाट बघत होते की बघत नव्हते, नक्की सांगता येणार नाही. एका सकाळी दळण निवडत होते आणि एकदम नाकात काहीतरी झोंबलं. शिंक आली. मग दुसरी. घशात ठसका बसला. डोळ्यांतून पाणी. मी सूप टाकून उभी राहिले. आलं! सव्वा वर्षाने नाकाने काहीतरी सांगितलं होतं. मी अक्षरशः धावले. हिंगाची डबी उघडली, कांदा फोडला, वेलची दातांनी चावली, उदबत्तीचा पुडा नाकाशी धरला. वेड्यासारखी एकेक उघडत गेले. काही नाही. काहीच नाही. आणि मधेच पुन्हा ठसका.

तेव्हा उजाडलं. हा वास नव्हताच. मिरची कळायला वास लागत नाही, ती नुसती झोंबते, ज्याला नाक नाही त्यालाही. आळीत मसाला भाजला जात होता. आणि मला बोलावणं आलं नव्हतं.

राग होता का? होता. वर्षभर कडू मसाला गिळून ह्या बायका गप्प राहिल्या आणि आता हे असं. तोंडावर बोलल्या असत्या तर भांडले तरी असते. पण त्यांनी न बोलवून मला चारचौघींसमोर लाज जाण्यापासून वाचवलं होतं, हेही कळत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

गेले. डोक्यावर पदर घेतला आणि वहिनींच्या अंगणात जाऊन उभी राहिले. बायकांची कुजबुज थांबली. वहिनी पुढे येऊन म्हणाल्या, "बसा की. मी येणारच व्हते सांगायला." त्यांना धड खोटं बोलता येत नाही, जन्म मिशनच्या शाळेत शिकवण्यात गेला. कढईपाशी त्यांची नवी सून होती, झारा दोन्ही हातांनी धरून. मिरची झाली होती, आता खोबरं चढलं होतं आणि काळं पडत होतं. मला बघून तिला हायसं वाटलं. तिला कुणी काही सांगितलं नसावं. तिने झाऱ्यावर थोडं खोबरं घेऊन माझ्या नाकाखाली धरलं.

"काकू, झालं का बघा वो. मला समजंना."

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मी वाकले. श्वास घेतला. गरम हवा आत गेली आणि बाहेर आली.

"मला वास येत न्हाई," मी म्हटलं. "सव्वा वरीस झालं. तुलाच बघावं लागंल."

पोरीने झारा स्वतःच्या नाकाशी नेला. "गोड येतोय अजून."

"मग हलव. त्यो वास बदलंल. जरा करडा हुईल."

तिने हलवलं. पुन्हा हुंगलं. पुन्हा हलवलं. मग तिचा चेहरा बदलला आणि ती म्हणाली, "झालं वाटतं."

"वाटतं नको. झालं का न्हाई?"

"झालं."

"मग उतरव. कढईत ठिऊ नको, परातीत वत."

तिने ओतलं. बायका पुढे सरसावल्या, कुणी परात धरली, कुणी विस्तव ओढला, आणि अंगणात पुन्हा बोलणं सुरू झालं. मी चुलीशेजारी तशीच उभी होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मिरचीमुळे तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांतून वाहत होतं, म्हणून मला कुणी काही विचारलं नाही.