एक नंबर, लिहून घ्या!

आमच्या दुकानातली पोरगी लोखंडी मीटरपट्टी काउंटरवर दोनदा आपटायची आणि म्हणायची, “पूऱ्या हैदराबादेत एक नंबर. लिहून घ्या!” कशाबद्दल, ते विचारू नका. अस्तराच्या कापडाबद्दल, स्वतःच्या आवाजाबद्दल, डब्यातल्या वांग्याच्या भाजीबद्दल. एकदा तर तापाबद्दलसुद्धा. “एकशे तीन होता, काकू! असा ताप अंबरपेठेत कोणालाच नाही आला.”

सुलतान बाजारात आमचं मॅचिंग सेंटर आहे. तुम्ही साडीचा पदर पुढे धरायचा आणि आम्ही त्या रंगाचा ब्लाउजपीस काढून द्यायचा, हा धंदा. तिथं ती चार वर्षं माझ्याबरोबर काउंटरला उभी राहिली. घरचे मूळचे नांदेडकडचे, पण तिचा जन्म इथलाच. त्यामुळे वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मधे उर्दूत शिरायचं आणि गिऱ्हाईक तेलुगू असेल तर तेलुगूत संपायचं. मला याचा राग यायचा आणि मी तो बोलूनही दाखवायचे. ती म्हणायची, “समजलं ना तुम्हाला? मग कैकू ओरडायलात?”

समोरच्या दुकानाचा माणूस दारात उभा राहून ओरडायचा, “आओ बहनजी, दो सौ रंग!” ही लगेच बाहेर. “आमच्याकडे दोनशे एक! तो जो एक आहे ना, तोच तुम्हाला लागतो!” बायका हसत हसत आमच्याकडे वळायच्या. तो माणूस बिचारा दोन वेळा दोनशे दोनवर गेला, मग त्यानं नाद सोडला.

एका दुपारी ती कापडाच्या ठाणांमागे मान हलवत काहीतरी पुटपुटत होती. मी विचारलं, “स्तोत्र म्हणतेस का गं?”

“रॅप आहे, काकू. डिस ट्रॅक.”

“म्हणजे?”

“म्हणजे गाण्यात समोरच्याची इज्जत काढायची. मग तो आपली काढतो. ज्याला उत्तर सुचलं नाही, तो हरला.”

मी म्हटलं, हात्तिच्या! हे तर आम्ही लग्नात करतो. वरपक्षाच्या विहिणी पंगतीला बसल्या की मुलीकडच्या बायका गाण्यातून त्यांची उणीदुणी काढतात. आमच्या नात्यात हे काम अजून माझ्याकडेच आहे. मी तिथंच, फॉलचे गठ्ठे बांधता बांधता, सुरू केलं:

“विहीणबाई नाजूक फार, जेवत नाहीत बाई,
बारा लाडू संपले तेव्हा म्हणाल्या, भूकच नाही!”

पोरीचा आ वासला. तिनं फोन काढून मला पुन्हा म्हणायला लावलं. “काकू, तुम्ही तर उस्ताद निघालात!” मलाही चढलं, खोटं कशाला बोलू? त्या दुपारी मी सात विहिणी सोलून काढल्या.

शेवटी मी तिला बजावलं, “यात एक अट असते हं. विहीण हसली पाहिजे. विहीण रडली तर गाणारणीची शोभा.”

“ही अट आमच्यात नाही,” ती म्हणाली.

आता तिच्या प्रतिस्पर्ध्याबद्दल सांगते. तारनाक्याचा मराठी मुलगा, कॉलेजात शिकलेला, दिसायला देखणा, अंगात कायम एखादं भडक जॅकेट. प्रत्येक गाण्यात सांगायचा की हे दुबईहून आलं, ते लंडनहून आलं. त्यानं हिच्यावर गाणं काढलं:

“कापते कापड मीटरवर, अक्कल हिची इंचभर,
मराठीचं एक वाक्य, त्यात उर्दू पोतंभर!”

बाजारातल्या पोरांनी ते दिवसभर वाजवलं. समोरच्या दुकानदारानं तर आवाज वाढवूनच वाजवलं. पंधरा दिवसांनी अंबरपेठेतल्या एका फंक्शन हॉलमध्ये, रविवारी सकाळी, दोघांचा आमनेसामने मुकाबला ठरला. सगळा मराठीत. जो जिंकेल त्याचं गाणं पुण्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड होणार होतं. ही आजवर आमच्या गोदामात ठाणांच्या मधे बसून फोनवर गाणं भरायची, कारण तिथं रस्त्याचे हॉर्न ऐकू येत नाहीत. स्टुडिओ तिनं आतून कधी पाहिला नव्हता. पहिल्यांदाच मी तिला एखाद्या गोष्टीबद्दल फुशारकी न मारता बोलताना ऐकलं. “काकू, हे मला पाहिजेच,” एवढंच म्हणाली.

मग काय, आम्ही दोघी कंबर कसून बसलो. गिऱ्हाईक नसलं की यमकं. मी तिला मराठी शब्द द्यायचे, ती ते ठोक्यावर बसवायची. ठोका म्हणजे मीटरपट्टी. “काकू, थोडं फास्ट!” माझ्या वयाला हे शोभतं का, अशी घरून विचारणा झाली. मी म्हटलं, वेळ नाही, मग बोलू.

आणि इथं माझ्या हातून चूक झाली.

ती त्याचा व्हिडिओ दाखवत होती. अंगात जांभळं जॅकेट, त्यावर सोनेरी कोयऱ्या. मी चेहरे विसरते, कापड विसरत नाही. त्या कोयरीचं एकच ठाण आमच्याकडे आलं होतं आणि त्याचा उरलेला अडीच मीटरचा कटपीस तारनाक्याच्या एका बाईंनी नेला होता. त्या नेहमी कटपीसच न्यायच्या. मुलाची जॅकेटं घरीच शिवते, म्हणाल्या होत्या. आणि जाता जाता असंही म्हणाल्या होत्या, “कोणाला बोलू नका ताई. दोस्तांमधी त्याला कमीपणा वाटते.” मी त्यांना शब्द दिला होता.

तो शब्द मी दोन मिनिटांत मोडला. “अगं, कसलं दुबई! हे आपलं कापड आहे, याची आई शिवते!” असं ओरडलेच मी. नुसती ओरडले नाही, ओळही मीच रचून दिली:

“जॅकेट ह्याचं दुबईचं, असं सांगतो जगाला,
सुलतान बाजारचा कटपीस, आई शिवते त्याला!”

पोरगी काउंटरवर चढून नाचली. “खतम, काकू! हा खतम!” मीही टाळ्या पिटल्या. त्या बाईंची आठवण मला त्या दिवशी झाली नाही. आजही याची लाज वाटते.

रविवारी हॉल खच्चून भरला. मी दुकानाला कुलूप लावून गेले आणि पहिल्या रांगेत बसले. आधी तो आला, छान बोलला, टाळ्या घेतल्या. अंगात तेच जांभळं जॅकेट. मग ही. काय सांगू तुम्हाला! जेमतेम पाच फुटांची पोरगी, पण स्टेजवर उभी राहिली आणि हॉल लहान वाटायला लागला. पहिलाच घाव:

“ह्याची मराठी एवढी शुद्ध, उकळून गाळून पितो,
चहावाल्याला ‘चषक’ मागतो, तहानलेलाच येतो!”

हॉल कोसळला. तो मुलगासुद्धा तोंड फिरवून हसला. मागे कोणीतरी बाई सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. ही एकामागून एक ओळी सोडत होती आणि मी खुर्चीवर बसून मांडीवर ठोका धरला होता. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. आता एकच ओळ उरली होती आणि पुढचं मला पाठ होतं. मी अक्षरशः पुढे सरकून बसले.

“जॅकेट ह्याचं दुबईचं, असं सांगतो जगाला—”

आणि ती थांबली. ठोका चालूच. एक गेला, दोन गेले. ती विसरली असं वाटून मी खालून ओरडले, “कटपीस! कटपीस!” तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती माझ्या मागे कुठंतरी बघत होती. चार ठोके गेले, तेव्हा ती म्हणाली,

“...बरं दिसतंय त्याला.”

आणि माइक खाली ठेवला.

आधी हसू, मग हुर्यो. टाळ्यांच्या आवाजावरच निकाल होता. तो जिंकला. तिनंच जाऊन त्याचा हात वर केला.

परतताना ऑटोत मी तिला सोडलं नाही. “तोंडाशी आलेला घास का टाकलास? स्टुडिओ गेला ना!”

“त्याची आई तिसऱ्या रांगेत होती, काकू. आपल्याकडं कटपीस न्यायला येते, तीच. चषकवर लै हसली ती. मी शंभर माणसांत ऐकलं, तिचंच हसू एक नंबर.” मग बाहेर बघत म्हणाली, “विहीण हसायली होती. तिला कैकू रडवू?”

मला उत्तर सुचलं नाही. म्हणजे तिच्या नियमानं मी हरले.

दुसऱ्या दिवशी ती बरोबर दहाला दुकानात हजर. समोरचा दारात टपूनच बसला होता. “हरली म्हणे?”

“हौ,” ही म्हणाली. “आणि माझ्यासारखं हरणारं पूऱ्या हैदराबादेत कोण नाही. लिहून घे!”

पण गोदामात तिचं गाणं त्यानंतर आठवडाभर ऐकू आलं नाही, आणि ते मला फार लागलं. मग एक दिवस म्हणाली, “काकू, स्टुडिओ मला बोलवत नाही ना, मीच जाते.” पुण्यात तिनं एका कापडाच्या दुकानात काम शोधलं. दिवसा काउंटर, उरलेल्या वेळात गाणं. जाताना माझ्या पाया पडली नाही, कडकडून मिठी मारली. तिच्या जागी दुसरी मुलगी आहे. शांत आहे, रंग बरोबर काढते. तिचं काही चुकत नाही, तरी मी तिच्यावर चिडते.

मागच्या महिन्यात तारनाक्याच्या त्या बाई आल्या. मी नेहमीसारखी कटपीसची पेटी पुढे ओढली. त्यांनी हात लावला नाही.

“ती पोरगी कुठं हाय?”

“पुण्याला गेली.”

“त्या दिवशी ती अडली ना, तेव्हा माझ्याकडंच बघायली होती. मला तेव्हाच समजलं, हिला माहीत हाय.”

मी मान खाली घातली. “मीच सांगितलं होतं तिला.”

“ते तुम्ही चूकच केलं, ताई,” त्या सरळ म्हणाल्या. “पण तिनं नाही सांगितलं.”

मग त्यांनी वरच्या फळीवरच्या लाल ब्रोकेडकडे बोट केलं. “कटपीस नक्को. ठाणातून कापा. तिच्यासाठी जॅकेट शिवायचंय. माप काय हाय तिचं?”

माप माझ्याकडे कुठलं असणार? मी काउंटरच्या बाहेर आले, ती जिथं उभी राहायची तिथं गेले आणि तिच्या खांद्याच्या अंदाजानं तळहात हवेत धरला.

“इथपर्यंत,” मी म्हटलं.

बाईंनी पर्समधून टेप काढली आणि माझ्या तळहाताखाली मोजायला सुरुवात केली.