आईचं नाव : आकाशगंगा

सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून एनिड क्रॅबट्रीचं डोकं आधीच तापलेलं असायचं, त्यात एकोणीसशे सदुसष्ट सालचा हिप्पींचा उन्हाळा उजाडला. लंडनच्या ‘बीट गॅझेट’ या संगीत साप्ताहिकात ती प्रुफं तपासायची. दर अंकात एका गायकाची ‘ओळख’ छापायची पद्धत होती: खरं नाव, जन्मगाव, आईवडील, आवडतं जेवण. पूर्वी गाणारी पोरं तो कागद स्वतः भरायची. शुद्धलेखनाच्या नावाने बोंब, पण निदान खरं तरी लिहायची. आता कागद प्रसिद्धीवाले भरत, आणि काय भरत! कुणी म्हणे ढगात जन्मला, कुणी म्हणे फुलांशी बोलतो. एनिड कपाळाला हात लावायची आणि स्वल्पविराम देत बसायची.

जूनमध्ये ‘लॅव्हेंडर ट्रामकार’ या बँडच्या ओरायनचा कागद आला. घेऊन आला होता त्यांचा प्रसिद्धीवाला, ट्रिस्ट्रम गेल. जांभळा कोट, गळ्यात घंटा.

“वडील धूमकेतू, आई आकाशगंगा, आवडतं जेवण दवबिंदू?” एनिड म्हणाली. “अरे, या पोराचं वजन किती? दवावर एवढं अंग सुटतं होय?”

“एनिड डार्लिंग, जमाना बदललाय. पोरींना आता डेप्टफर्डच्या कामगारवस्तीतला पोरगा नको असतो.”

संपादकांनी आतून ओरडून सांगितलं, “जसंच्या तसं जाऊ दे! त्यांची पानभर जाहिरात आहे.” मग काय, गेलं तसंच.

शुक्रवारी अंक निघाला आणि सोमवारी सकाळी एक बाई डोक्याला रुमाल बांधून एनिडच्या टेबलासमोर उभी राहिली. हातात ‘ओळख’चं कात्रण.

“मी आयव्ही पिडक. हा तुमचा ओरायन म्हणजे आमचा मेल्विन. तुमच्या पेपरात आईचं नाव छापतात म्हणून मी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं हो. आता बायका विचारतात, आयव्ही, तू वारलीस की काय?”

“बाई, ते कागद आम्ही—”

“धूमकेतूचं एक वेळ चालेल. मेल्विन चार वर्षांचा असताना त्याचा बाप गेला तो परत फिरकला नाही. पण मी काय वाईट केलं होतं? कापडगिरणीत रात्रपाळ्या करून त्याला गिटार घेऊन दिली मी! दर रविवारी मटण-गुर्द्यांचं किडनी पुडिंग करून घातलं. आठवडा झाला, फोनवर येत नाही. लाज वाटते त्याला माझी.”

आणि ती बाई तिथेच, सगळ्यांच्या देखत, रडायला लागली. एनिडला ट्रिस्ट्रमचा असा संताप आला की घंटेसकट त्याला खिडकीबाहेर टाकावंसं वाटलं.

ती संपादकांकडे गेली. “खुलासा? वेड लागलंय का?” ते खेकसले.

पण शब्दकोड्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, शुद्धिपत्र असायचं. ते एनिडचं राज्य. संपादकांनी ते जन्मात वाचलं नव्हतं. पुढच्या अंकात तिथे छापून आलं: “गेल्या अंकातील ‘ओळख’मध्ये मुद्रणदोष राहून गेले. ‘आकाशगंगा’ऐवजी ‘मिसेस आयव्ही पिडक, १९ टॅलो स्ट्रीट, डेप्टफर्ड’ व ‘दवबिंदू’ऐवजी ‘आईच्या हातचं किडनी पुडिंग’ असे वाचावे.”

कुणीतरी ते दाखवल्यावर संपादकांनी आकाशपाताळ एक केलं. एनिड म्हणाली, “चूक दुरुस्त करायचाच पगार देता ना मला?” तेवढ्यात ट्रिस्ट्रम नाचत आला. “कमाल! पोरी वेड्या झाल्यात! आकाशगंगा डेप्टफर्डमध्ये राहते! ही कल्पना माझीच, असं सगळ्यांना सांगितलंय मी.” एनिडने पेन्सिल मोडली.

दुपारी फोन वाजला. आयव्हीबाई तणतणत होत्या. “अहो मिस, काय करून ठेवलंत हे! माझ्या पायरीवर तीसेक केसाळ पोरंपोरी बसलीत, मला ग्रहताऱ्यांबद्दल विचारतात. घरातलं दूध संपलं!”

“माफ करा बाई. मी पोलिसांना कळवते.”

“नको, नको.” आयव्हीबाईंचा आवाज एकदम खाली आला. “मागच्या दाराने एक आलाय. काळा चष्मा लावून. दोनदा पुडिंग घेतलंन्, आता तिसऱ्यांदा ताट पुढे करतोय.”