डाव्या कोपऱ्यातलं वजन

आधीच सांगून ठेवतो. भिवंडीत कुणाच्या अंगात आलं की तिथे पत्रकं घेऊन उभा राहणारा जो एक कार्यकर्ता असतो ना, तो मी. लिंबू-मिरची, ताईत, उतारे... सगळ्यांविरुद्ध लिहिलंय आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. तरी हे लिहितोय, कारण आपण स्वतः मोजलेलं नाकारायचं कसं, ते मला कुठल्याच पत्रकाने शिकवलेलं नाही.

साल १९९६. आम्ही भिवंडीजवळच्या पूर्ण्याचे. माझा मोठा भाऊ दत्तादादा पिकअपने कामतघरच्या लूममधून कापडाचे तागे उचलतो. त्याच्याबरोबर कायम इद्रिसचाचा, त्याचे हमाल. चाचा बसायचे कुठे? मागे, मालावर, डाव्या कोपऱ्यात! सीट नाही, धरायला साधी दांडी नाही. ‘हमाल म्हणजे माल नव्हे’ हे पत्रक, सीट आणि दांडीच्या मागणीसकट, मी त्यांना बघूनच काढलं. वाचून दाखवलं तर म्हणाले, “बेटा, लिखा अच्छा है. पर ऊपर हवा बढ़िया लगती है.” मला असा संताप आला!

कामतघरच्या गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी रिव्हर्सच घालावी लागते. लूमच्या खडखडाटात “आने दो” ओरडलेलं ऐकू येत नाही. म्हणून चाचा पत्र्यावर थाप मारायचे. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक म्हणजे थांब. दादाला ती कानाने नाही, पाठीने कळायची.

त्या उन्हाळ्यात चाचा काविळीने गेले. आणि दादाला रिव्हर्स जमेना. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून नुसता घामाघूम व्हायचा.

“विकून टाकतो गाडी,” म्हणाला. “मला न्हाय जमायचं आता.”

घर त्या गाडीवर चालायचं, आणि दादाला गाडीशिवाय दुसरं काही कधी नकोच होतं. मी म्हटलं, चांगले मोठे, बाहेर येणारे आरसे लावू. ओझ्याने बसलेली मागची बाजूही उचलून घेऊ. गाडी सरळ उभी राहिली की आरशात रस्ता नीट दिसतो.

धामणकर नाक्यावर सदू मिस्त्रीने मागच्या स्प्रिंगला, म्हणजे कमानीला, दोन्हीकडे एकेक पाटा वाढवला, आरसे बसवले. मग चाकाखाली लिंबू ठेवायला निघाला. मी हात धरला.

“लिंबू नको? मग तुमचं पत्रक ठेवू का?” मिस्त्री म्हणाला.

टायर आणि वरचा पत्रा यांच्यातलं अंतर मी बोटांनी मोजलं. दोन्हीकडे सारखं. दादा स्टिअरिंगवर बसला... आणि मागची डावी बाजू दोन बोटं खाली गेली.

आता विचार करा. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. वजनाने खाली जायचीच तर उजवी बाजू जायला हवी! मी बसून पाहिलं, काही नाही. मिस्त्री चांगला वजनदार, तो बसला, उजवी बाजू किंचित दबली. दादा बसला — पुन्हा डावी. जमीन उतरती असेल म्हणून गाडी वळवून उभी केली. तेच. मिस्त्रीने पाटे सोडवून परत आवळले. तेच!

“माझी कमान बरोबर हाय,” मिस्त्री वैतागला. “तुमच्या भावातच कायतरी वाकडं असंल.”



शुक्रवार होता, लूम बंद. गल्ली मोकळी, शांत. म्हटलं, आजच बघू. मी दादाशेजारी बसलो, नजर डाव्या नव्या आरशावर. मागचा कोपरा स्वच्छ दिसत होता. रिकामा. दादाने रिव्हर्स टाकला, पण क्लच सोडेना.

आणि पत्र्यावर दोन थापा पडल्या.

मी आरशातच बघत होतो हो! तिथे कुणी नव्हतं. दादाने मात्र आरशाकडे पाहिलंही नाही. गाडी सरळ मागे घेत गेला. मग एक थाप. दादाने ब्रेक लावला. मी धावत मागे गेलो. लूमची पायरी वीतभर अंतरावर होती.

नवे पाटे बसताना ठोकल्यासारखे वाजतात, असं मिस्त्रीचं म्हणणं. वाजत असतील. पण आधी दोन आणि पायरीपाशी नेमका एक?

दादा डोळे पुसत होता आणि हसतही होता. “डावा आरसा काढ रे. उगाच मधी येतो त्यांच्या.”

“आरसा राहणार!” मी ओरडलो. “मागे कुणी असो, नसो!”

“बरं बाबा, ऱ्हाऊ दे. पत्रक नको काढू.”

गाडी विकली नाही. नवा हमाल आत सीटवर बसतो, ते मी भांडून करून घेतलं. पुढच्या आठवड्यात मी एकटाच मिस्त्रीकडे गेलो आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात हाताने धरायची एक दांडी वेल्ड करून घेतली.

“हमाल तर आत बसतो तुमचा,” मिस्त्री म्हणाला. “मग ही कुणाला?”

“पत्रकात मागणी होती,” म्हटलं. “पुरी करतोय.”

दादा बसला की डावी बाजू अजूनही दोन बोटं खाली जाते. दर वेळी मोजतो. कारण विचाराल तर मला माहीत नाही. भर उन्हात गाडी तापलेली असते, पण ती दांडी हाताला गार लागते... वर हवा बढ़िया लागत असेल.